साळवे काकांची फेरमोजणी

साळवे काका माणसाला गाव विचारून थांबत नसत, गट नंबर विचारत. पहिल्या भेटीत त्यांनी मलाही तोच विचारला. मी नगरच्या एका कॉलेजात बॉटनी शिकवते. त्या दुपारी स्टाफरूममध्ये तपासायच्या पेपरांच्या ढिगाऱ्यामागे बसले होते. दारात साठीचे एक सावळे, शिडशिडीत गृहस्थ येऊन उभे राहिले. बूट धुळीनं पांढरे झालेले, खांद्याला खाकी पिशवी. "बॉटनीच्या मॅडम तुमीच का?" मी हो म्हटलं. "माहेर कुठलं?" सोनई, म्हटलं. "गट नंबर?" आता माहेरचा गट नंबर कोणत्या बाईला पाठ असतो? मी वडिलांचं नाव सांगितलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "ओढ्याच्या वळनावरची जमीन. चिंचेपाशी बांधाला कोपरा हाय. आत अकरा गुंठे पोटखराबा. मीच मोजलीय."

पोटखराबा म्हणजे शेताच्या पोटातला पीक न देणारा तुकडा. खडक, ओढा, टेकाड, मुरमाड कड, असं काहीही. मोजणीवाला तो वेगळा काढतो आणि सातबाऱ्यावर त्याची तशी नोंद होते. साळवे काकांनी चौतीस वर्षं भूकरमापक म्हणून जिल्हाभर जमिनी मोजल्या होत्या आणि नुकतेच रिटायर झाले होते. एवढी ओळख देऊन त्यांनी पिशवीतून जेवणाचा डबा काढला. मला वाटलं, आता इथंच भाकरी सोडतात की काय. डब्यात ओल्या फडक्यावर एक निळं फूल होतं, करंगळीच्या नखाएवढं. "तुमच्या वडलांच्या त्या अकरा गुंठ्यातनं आनलंय. कोन हाय हे?"

'काय आहे' नाही, 'कोन हाय'. आणि मला सांगता येईना. ज्या मुरमावर मी लहानपणी लंगडी खेळले, तिथलं फूल मला ओळखता येईना! बघून सांगते म्हटलं आणि त्यांना वाटेला लावलं. तीन दिवस पुस्तकं उलटीपालटी केल्यावर नाव सापडलं, विष्णुक्रांता. फोन करून सांगितलं तर काका म्हणाले, "बरं झालं. आता पुढल्या रविवारी भंडारदऱ्याला चला. तिथं लई जनं थांबलीत नाव विचारायला."

हे वेड त्यांना कसं लागलं, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. नोकरीच्या शेवटच्या पावसाळ्यात खर्ड्याकडच्या एका माळावर मोजणी होती. वाद मोठा, दोन्हीकडची माणसं तावातावानं भांडत होती. काका कंटाळून बाजूला जाऊन भाकरी खायला बसले आणि त्यांचं लक्ष खाली गेलं. बूड टेकायलासुद्धा जागा नाही, इतकी फुलं होती. कागदावर त्या तुकड्याची नोंद खराबा होती. पूर्वी त्यांनीच केलेली. "मॅडम, आमची वस्ती गावाबाहेर, अशाच मुरमाच्या कडेला. ह्याच फुलात मी शेरडं राखली. वस्तीतला पयला सरकारी नोकर झालो, आन् सरकारी पेनानं काय लिवलं, तर खराबा! चौतीस वर्षं लिवलं. माज्या अक्षरात." हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. ते कुणावर चिडले होते ते मला लगेच कळलं नाही. स्वतःवरच चिडले होते. त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं की आपण लिहिलेला प्रत्येक खराबा परत जाऊन बघायचा, आणि तिथं कोण कोण राहतं ते लिहून ठेवायचं. ह्याला ते फेरमोजणी म्हणत.

त्यांची फुलं ओळखायची रीत कुठल्याच पुस्तकात नाही. आम्ही पाकळ्या मोजतो, पानांची मांडणी बघतो. काका आधी आजूबाजूला बघत. वहीत फुलाचा रंग शेवटी लिहीत. सगळ्यात वर चतुःसीमा. पूर्वेस कुसळी गवत, पश्चिमेस काळा खडक, दक्षिणेस म्हशींची वाट, उत्तरेस बोराटी. मी हसायची. ते म्हणायचे, "फुलाला एकटं ओळखायचं न्हाई. रंग फसवतो, मॅडम. शेजार फसवत न्हाई."

ह्या शेजारानं माझी पुरती फजिती केली. भंडारदऱ्याच्या वर, पाणी झिरपणाऱ्या एका कातळावर निळीजांभळी फुलं पसरली होती. नवं नाव शिकलेल्या माणसाला ते सगळीकडे दिसतं. मी लांबूनच ऐटीत सांगून टाकलं, "विष्णुक्रांता!" काका खाली बसले, बोटानं माती चाचपली. "विष्णुक्रांता कोरड्या मुरमाची. हिचे तर पाय पान्यात हायेत. ही दुसरी कुनीतरी हाय." मी गुडघे टेकून बघितलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं. ती सीतेची आसवं होती. बारीक फुग्यांत किडे पकडून खाणारी वनस्पती. ते फुगे मी वीस वर्षं दर जूनमध्ये फळ्यावर काढत आले होते, भागांना नावं देऊन, रंगीत खडूनं. काकांना हे सांगितलं तर ते जोरात हसले नाहीत, ही त्यांची माणुसकी. फक्त म्हणाले, "फळ्याला चतुरसीमा नसती ना."

त्यांचा पाय घरात ठरत नसे. भादव्यात तर विचारूच नका. आज रतनगडाच्या वाटेवर सोनकी पिवळी झाली म्हणून जायचं, उद्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा जामखेडचा माळ वाळायच्या आत गाठायचा. पहाटेच फोन यायचा. "मॅडम, पाऊस पडून सहा दिस झाले. आज न्हाई तर औंदा न्हाई." कॉलेज आहे म्हटलं की "बरं" म्हणून फोन ठेवायचे, आणि त्या 'बरं'चाच मला जास्त त्रास व्हायचा. डॉक्टरांनी त्यांना चढ बंद सांगितला होता. हे मला त्यांच्या बायकोनं, विमलकाकूनं सांगितलं. काकू म्हणायची, "घरात बसले की ह्यांच्या छातीत दुखतं, आन् डोंगरावर गेले की माज्या." त्यांना कुठं अडवायचं, हे तिलाही कळत नव्हतं आणि मलाही. वहीतल्या अजून न बघितलेल्या खराब्यांवर ते पेन्सिलीनं खुणा करून ठेवत, आणि ती पानं उलटताना त्यांचा पाय सारखा हलत असे.

ह्या फेरमोजणीत आम्हाला बोडकी सापडली. खर्ड्यापासून थोड्या अंतरावरच्या एका गावची ती टेकडी. गावाचं नाव लिहीत नाही. झाड नाही म्हणून बोडकी. श्रावणात आम्ही तिच्या पाठीमागच्या उतारावर हिंडत होतो. एका काटेरी झुडपाच्या आत काकांना एक नाजूक वेल दिसला, आणि वेलाला आकाशकंदिलासारखं फूल. खाली फुगीर, मधे नळी, वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना जोडलेली. कंदीलपुष्प! ही वनस्पती मी फक्त चित्रात बघितली होती. तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारी आली, गावातलीच ठकूबाई. "काय बघायलात?" काकांनी अदबीनं विचारलं, "मावशी, हिला तुमी काय म्हनता?"

"खरपुडी," म्हातारी म्हणाली. एवढं म्हणून ती खाली बसली, कमरेचं खुरपं काढलं, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत वेल कंदासकट उपटला. कंद पदराला पुसला, नखानं साल काढली आणि काकांच्या तळहातावर ठेवला. "खा. ग्वाड लागती. पोरं लई आवडीनं खात्यात." नाव विचारलं म्हणजे पाहुण्याला हवंय, एवढं साधं तिचं गणित. माझे डोळे पांढरे झाले. काकांनी एकदा कंदाकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि तो तोंडात टाकला. शांतपणे चावून खाल्ला. "पानचट हाय. पर ग्वाड हाय, मावशी." परतताना मी तणतणत होते. ते म्हणाले, "मग काय थुंकू? बया बारकी असल्यापासून उकरतीय, तिची आईबी उकरायची. तरी अजून खरपुडी हाय का न्हाई? खानाऱ्यानं न्हाई संपवली ती." मग जरा थांबून म्हणाले, "पर आता नाव विचारायचं बंद. कानाला खडा."

आम्ही वेल मोजले, काकांनी वहीत एकेकाची खूण केली. उतारावर बरेच निघाले. बोडकी त्यांच्या वहीतलं सर्वांत भरलेलं पान झाली, आणि त्याच हिवाळ्यात बातमी आली की गाव ती टेकडी मुरमासाठी देणार. गावाचा रस्ता दर पावसाळ्यात चिखलात जायचा, आजाऱ्याला बाजेवर घालून न्यावं लागायचं. मुरूम जवळ, टेकडी खराब्यातली. सरपंच तरुण, बोलायला चांगला मुलगा. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. उभं राहून त्यांनी फुलांची नावं वाचायला सुरुवात केली. दहाव्या नावाला लोक जांभया द्यायला लागले. कोणी मोबाईल काढला. सरपंच घड्याळ बघून म्हणाला, "काका, आवरा. हात वर करायला लावू का?" तेव्हा काका पटकन बोलून गेले, "ही जी खरपुडी हाय ना, ती शुगरवर जालीम औषध हाय."

व्हरांडा जागा झाला. घराघरात शुगर होती. कोणी विचारलं, कच्ची खायची का उकडून? औषधाची टेकडी मशीनखाली घालायची कशी, असं म्हणत ठराव पुढं ढकलला गेला. परत येताना मी विचारलं, "हे कुठं वाचलंत काका?" ते मोटारसायकल चालवत होते, मान न वळवता म्हणाले, "वाचलं न्हाई. सुचलं." आणि मी हसले. मागे बसून जोरजोरात हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही गेलो तेव्हा बोडकी खड्ड्यांनी भरलेली होती. कुदळीचे, टिकावाचे, पहारीचे खड्डे. वेलाला फूल येण्याची वाटही कोणी बघितली नव्हती. पान दिसलं की उकरलं. गावातल्यांनी उकरलं, पाहुण्यांना नेलं, शेजारच्या गावचेही पोती घेऊन आले. काका एकेका खड्ड्यापाशी थांबत होते आणि वहीतली खूण खोडत होते. काट्यांच्या जाळीत खूप आत, जिथं हात जात नाही, तिथं मोजून पाच वेल उरले होते. काका म्हणाले, "मशीननं गेली असती तर रस्ता तरी झाला असता."

त्यांनी ठरवलं, येत्या ग्रामसभेत उभं राहून खरं सांगायचं. आमचं पहिलं आणि शेवटचं भांडण झालं ते ह्याच्यावरून. मी म्हटलं, "काका, काही बोलू नका. लोकांना गुण येणार नाही, आपोआप उकरायचं थांबतील. तुम्ही खरं बोललात की टेकडीच जाईल." ते म्हणाले, "चुकीची मोजनी झाली तर बांधावर जाऊन कबूल करावं लागतं. हापिसात बसून दुरुस्त होत न्हाई ती." मी चिडले. तुमच्या मनाची टोचणी जावी म्हणून तुम्ही टेकडीचा बळी देताय, असं म्हणाले. हे वाक्य त्यांना लागलं. त्यांनी ते नाकारलं मात्र नाही.

ग्रामसभेला मी गेले, पण लांब, खांबाला टेकून उभी राहिले. काका उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, "मागच्या बारीला मी खोटं बोललो. खरपुडीनं शुगर जात न्हाई. मला टेकडी वाचवायची हुती म्हनून बोललो. माफी असावी." कुजबुज झाली. एकजण ओरडला, "आरं, मी पोतंभर खाल्ली की!" हशा पिकला. सरपंचानं हात वर करून गप्प केलं आणि विचारलं, "मग काका, त्या टेकडीवर हाय तरी काय?"

"फुलं हायेत."

"कशाला उपयोगी?"

"कशालाच न्हाई," काका म्हणाले. "फुलं हायेत."

मग हात वर झाले. भराभर झाले. बायकांच्या घोळक्यात ठकूबाईनं मात्र दोन्ही हात पदराखाली धरून ठेवले होते. रस्त्याकडची बाजू मुरमाला द्यायची ठरली. पाठीमागचा उतार राहिला, तोही मशीन तिथं चढत नाही म्हणून. व्हरांड्यातून बाहेर पडल्यावर काका माझ्याकडे आले. मी "येते" एवढंच म्हटलं आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागले. त्यांच्या मोटारसायकलवर बसायचं नाही, हे मी आधीच ठरवलेलं होतं.

त्यानंतर मी त्यांचा फोन उचलला नाही. दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही. दिवाळी गेली, परीक्षा आल्या. आपण करूच की एखाद्या रविवारी, असं म्हणत राहिले. चैत्रात फोन आला तो विमलकाकूचा. काका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता गेले होते. मी पोचले तेव्हा अंगणात त्रिशरण चालू होतं. काकूनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तुमच्यावर राग नव्हता हो त्यांचा. दर मंगळवारी त्या गावाला जायचे, तेव्हा म्हनायचे, मॅडम असत्या तर बरं झालं असतं." कशाला जायचे, मी विचारलं. "मला सांगतात व्हय? सकाळी जायचे, दिवस मावळता यायचे. चेहरा बरा असायचा, म्हनून मी अडवलं न्हाई." मी तिथं रडले नाही. रडायचा आपल्याला हक्क नाही, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

श्रावणात मी एकटीच बोडकीवर गेले. रस्त्याकडची बाजू उभी कापलेली होती, लाल मुरूम उघडा पडला होता. खाली नवा रस्ता झाला होता. त्यावरून शाळेची जीप चिखलात न रुतता गेली, आणि ते बघून मला वाईटही वाटलं नाही. मी पाठीमागच्या उतारावर आले. काट्यांच्या जाळीपाशी ठकूबाई बसली होती. शेजारी कुदळ. जाळीच्या बाहेर एक वेल आला होता, वर कंदील लागला होता. माझं डोकंच फिरलं. "मावशी, हात लावू नका त्याला!" मी ओरडले.

म्हातारीनं वरसुद्धा बघितलं नाही. "कोन लावतंय? अजून म्हातारी उडाली न्हाई."

मला कळेना. तिनं वेलाच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं. तिथं शिंगांसारखी हिरव्या शेंगांची जोडी होती. मग तिनं मला सांगितलं, एखाद्या पोराला समजवावं तसं. साळवे सायेब दर मंगळवारी यायचे. एकेका दारात बसायचे. आधी माफी मागायचे, मग चहा घ्यायचे. उकरू नका असं एकालाही म्हणाले नाहीत. म्हणायचे, पोरांनी खरपुडी खाल्लीच पाहिजे, पर शेंग फुटू द्या. आतली म्हातारी, ते कापसासारखं बी, वाऱ्यावर उडालं की मग खुशाल खोदा. "गाव हासलं की त्यांना. मी न्हाई हासले. माजी आई बी हेच म्हनायची, म्याच इसरले हुते."

"आणि गावातले लोक? ते थांबतात?"

"काही थांबत्यात. न्हाई थांबत त्यांच्यासाठी म्या बसलेय हितं कुदळ घेऊन." तिनं कुदळीच्या दांड्यावर थाप मारली. "चार वेल नवं आल्यात. त्या अंगाला बघा."

मी बघायला गेले नाही. तिथंच उभी राहून रडायला लागले. ओक्साबोक्शी, तोंडावर पदर न घेता. काकांची माफी मागायची होती आणि मागायला काका नव्हते. त्यांच्या टोचणीबद्दल मी काय काय बोलले होते, आणि त्या टोचणीनं ते दारोदार फिरले होते, आजारी छाती घेऊन, माझ्याशिवाय. ठकूबाईनं थोडा वेळ मला रडू दिलं. मग पदरानं खडकावरची माती झटकून जागा केली.

"गप मॅडम, बसा जरा," ती म्हणाली. "लई येळ हाय आपल्याला. शेंग फुटायला अजून म्हैना लागंल."